थेंबाचे माप

11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले आणि त्याचा पाऊस घाट ओलांडून महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्यात उतरला. ऑक्टोबरात फळछाटणी झालेल्या बागा तेव्हा कोवळ्या पानांवर, कुठे पोंग्यावर तर कुठे फुलोऱ्यावर होत्या. द्राक्षवेलीचा सगळ्यात नाजूक काळ हाच. पाठोपाठ डाऊनी (केवडा) हा बुरशीरोग पसरला. पानाच्या वरच्या अंगाला तेलकट डाग पडले, खालच्या अंगाला पांढरी लव आली आणि घडच्या घड तपकिरी होऊन वाळले. नाशिकपासून सांगलीपर्यंतच्या बागाईतदारांना तो हंगाम अजून विसरता आलेला नाही.

शेतकरी हातावर हात ठेवून बसले होते असे मुळीच नाही. मिळेल त्या उघडिपीत फवारणीचे ब्लोअर चालत होते, टाक्यांमागून टाक्या रिकाम्या होत होत्या. ‘कोणते औषध मारले?’ हा प्रश्न त्या दिवसांत प्रत्येकाने प्रत्येकाला विचारला. ते औषध पानाच्या नेमक्या कोणत्या जागी जाऊन बसले, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. डाऊनीची बुरशी शिरते ती मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून. वरच्या बाजूवर औषधाचे पाणी ओघळेपर्यंत मारले आणि खालची बाजू कोरडी राहिली, तर बुरशीला दार उघडेच असते. टाकीतले पाणी पानाखाली पोहोचते की नाही, हे ज्या गोष्टींवर ठरते त्यांत नोझलमधून सुटणाऱ्या थेंबाच्या आकाराचे स्थान फार वरचे. आणि हा आकार मोजण्यासाठी माणसाला शंभर वर्षे धडपडावे लागले. त्या धडपडीचा इतिहास द्राक्षापासूनच सुरू होतो, म्हणून तो सांगलीकराने समजून घ्यावा असे मला वाटते.

डाऊनी मूळचा अमेरिकेचा. 1878 मध्ये तो फ्रान्सच्या बागांत आढळला आणि काही वर्षांत तिथले शेतकरी हवालदिल झाले. बोर्डो विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणारे पिएर मिलार्डे 1882 च्या ऑक्टोबरात मेदोक भागात फिरत असताना त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. रस्त्याकडेच्या वेलींची पाने हिरवी होती, आतल्या बागेची मात्र झडून गेली होती. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून बागवाल्यांनी कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी शिंपडले होते, घड विषारी दिसावेत एवढ्याच हेतूने. मिलार्डे यांनी रसायनशास्त्रज्ञ युलिस गेयाँ यांच्या साथीने त्यावर प्रयोग केले आणि 1885 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपल्याकडे ज्याला आजही ‘बोर्डो’ म्हणतात, ते मोरचूद-चुन्याचे मिश्रण हे.

औषध सापडले, पण ते मारायचे कसे? सुरुवातीला फ्रेंच मजूर झुडपांच्या बारीक काड्यांची केरसुणी बादलीत बुडवून वेलीवर झटकत. एका झटक्यात एक पान न्हाऊन निघे आणि शेजारचे कोरडे राही. त्याच सुमारास अमेरिकेत कपाशीच्या अळीविरुद्ध सरकारी कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली आणि त्यांचे सहकारी बर्नार्ड काम करत होते. त्यांनी एक छोटी गोल डबी बनवली. तिच्यात पाणी कडेने तिरके शिरे, आत गरगर फिरे आणि वरच्या बारीक छिद्रातून पोकळ शंकूच्या आकारात फुटून बाहेर पडे. ही ‘सायक्लोन’ नोझल. फ्रान्समधल्या विलफ्रांशचे कारखानदार व्हिक्तोर व्हेर्मोरेल यांनी तिला आपल्या पाठीवरच्या ‘एक्लेर’ पंपाला जोडले आणि छिद्रात अडकलेला चुना ढकलून काढायला एक सुई बसवली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-पलूसच्या ब्लोअरवरची नोझल उघडून पाहा. आत खाचा असलेली चकती, पाण्याला गिरकी देणारी पोकळी आणि पुढे छिद्राची डिस्क. तत्त्व अजून तेच आहे. चुन्याने छिद्र बुजण्याची डोकेदुखीही अजून तीच आहे.

गरगरणारे पाणी छिद्राबाहेर पडते ते पातळ पडद्यासारखे. पडदा ताणला जाऊन फाटतो, त्याचे धागे होतात आणि धाग्यांचे थेंब. पाण्याची धार आपोआप थेंबांत का तुटते, याचे गणित इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी 1878 मध्ये मांडले होते, म्हणजे डाऊनी फ्रान्समध्ये आढळला त्याच वर्षी. पृष्ठताणामुळे धारेवर उठणारी लाट वाढत जाते आणि धार तुटते. मात्र हे गणित एका सरळ, संथ धारेचे होते. नोझलमधून एकाच क्षणी सुटणाऱ्या लाखो लहानमोठ्या थेंबांपुढे ते पुरे पडत नव्हते. तिथे मोजण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मोजणे गरजेचे का, हे साध्या हिशेबाने कळते. थेंबाचा व्यास अर्धा झाला की आकारमान आठपटीने घटते. एक लिटर पाणी 400 मायक्रॉनच्या थेंबांत फोडले तर सुमारे 3 कोटी थेंब होतात. 100 मायक्रॉनच्या थेंबांत फोडले तर सुमारे 190 कोटी. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) पाणी तेवढेच, पण पानांना स्पर्श करण्याच्या संधी चौसष्टपट. मग जितके बारीक तितके चांगले? तसेही नाही. 30 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता, म्हणजे आपल्याकडची नोव्हेंबरातली दुपार धरली, तर 100 मायक्रॉनचा पाण्याचा थेंब हवेत सुमारे 16 सेकंदांत विरून जातो आणि 50 मायक्रॉनचा अवघ्या 4 सेकंदांत. त्याहून बारीक थेंब पानावर आपटतही नाहीत. वाऱ्याबरोबर पानाला वळसा घालून शेजारच्या शेतात जातात, नाहीतर फवारणाऱ्याच्या नाकात. उलट 400 मायक्रॉनचा थेंब वरच्या पानावर थडकतो, दुसऱ्यात मिसळतो आणि ओघळून मातीत जातो. शेतकऱ्याला हवा असतो तो यांच्यामधला थेंब. तो नोझलमधून किती प्रमाणात निघतो, हे डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसते ते फक्त धुके, आणि धुके दाट दिसले की फवारणी चांगली झाली असे वाटते. माझ्या मते या समजुतीने बागाईतदाराचे जितके नुकसान केले, तितके बनावट औषधांनीही केले नसेल.

थेंब मोजण्याच्या पहिल्या युक्त्या पावसासाठी निघाल्या. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विस्नर यांनी 1895 मध्ये रंग लावलेल्या टिपकागदावर पावसाचे थेंब पडू दिले आणि डागांवरून आकार ठरवला. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता. हिमकणांच्या छायाचित्रांसाठी जग त्याला ओळखते. त्याने परातीत चाळलेले पीठ पसरले आणि ती काही सेकंद पावसात धरली. प्रत्येक थेंबाची एक गोळी झाली. ज्ञात आकाराचे थेंब सोडून बनवलेल्या गोळ्यांशी त्याने ती ताडून पाहिली. 1904 मध्ये त्याने आपली शेकडो मापे प्रसिद्ध केली. शाळेचे फारसे शिक्षण नसलेल्या, गाई राखणाऱ्या माणसाचे हे काम आहे. प्रयोगशाळा नाही म्हणून मोजमाप अडत नाही, हे त्याने दाखवून दिले.

पुढची उडी इंजिनांमुळे मारली गेली. मोटारीचा कार्ब्युरेटर आणि डिझेलचा इंजेक्टर ही दोन्ही शेवटी फवारणीचीच यंत्रे. थेंब मोठा राहिला तर इंधन पूर्ण जळत नाही. जर्मनीत योझेफ झाउटर यांनी 1920 च्या दशकात फवाऱ्यातून प्रकाश सोडून तो किती अडतो ते पाहिले आणि त्यावरून थेंबांच्या एकूण पृष्ठभागाचा अंदाज बांधला. सगळ्या थेंबांचे आकारमान भागिले सगळ्यांचा पृष्ठभाग, या गुणोत्तरातून मिळणारा ‘झाउटर सरासरी व्यास’ आजही जगभर वापरतात, कारण जळणे, वाळणे, विरघळणे या सगळ्या क्रिया पृष्ठभागावर घडतात. जपानात नुकियामा आणि तानासावा यांनी 1938 ते 1940 या काळात तेल लावलेल्या काचपट्टीवर थेंब झेलून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजले आणि त्यातून थेंबांच्या आकारांच्या वाटणीचे सूत्र काढले. युद्धानंतर ब्रिटनमध्ये जॉइस यांनी इंधनाऐवजी वितळलेले मेण फवारले. हवेतच गोठलेले त्याचे कण गोळा केले आणि चाळण्यांतून चाळून वजन केले.

मला सर्वांत भावते ती के. आर. मे यांची रीत. हे पोर्टनच्या ब्रिटिश लष्करी संशोधन केंद्रात काम करत. मॅग्नेशियमची फीत पेटवून तिच्या धुरात काचपट्टी धरायची म्हणजे तिच्यावर पांढऱ्या ऑक्साइडचा मऊ थर बसतो. थेंब त्या थरावर आदळला की गोल भोक पाडतो. थेंब नंतर वाळून गेला तरी भोक राहते. भोकाचा व्यास मोजून त्याला 0.86 ने गुणले की थेंबाचा खरा व्यास मिळतो. 1950 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत पुढे जगभरच्या शेतीप्रयोगशाळांनी उचलली, कारण तिला लागतात फक्त काच, फीत आणि सूक्ष्मदर्शक. आपल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या कपाटात हे तिन्ही असतेच. त्रास एकच, मोजणाऱ्याचे डोळे. एका नोझलचे चित्र उभे करायचे तर शेकडो भोके मोजावी लागत.

तो त्रास लेसरने संपवला. 1970 च्या दशकात शेफिल्ड विद्यापीठात स्विदेनबँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फवाऱ्यातून लेसरचा झोत आरपार सोडला. थेंब जितका लहान, तितका तो प्रकाश जास्त कोनातून वाकवतो. भिंगामागे ठेवलेल्या कंकणाकृती संवेदकांवर कोणत्या कड्यात किती प्रकाश पडला ते मोजून संगणक क्षणात आकारांची वाटणी सांगतो. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न कंपनीने ते यंत्र बाजारात आणले. 1984 मध्ये बाचालो आणि हाउझर यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केलेली फेज डॉप्लर पद्धत त्याहून पुढे गेली. ती एकेका थेंबाचा आकार आणि वेग एकदमच सांगते. या मापांच्या आधारावर 1985 मध्ये ब्रिटनमध्ये नोझलचे वर्ग ठरले: अतिबारीक, बारीक, मध्यम, जाड. पुढे अमेरिकन प्रमाणानुसार त्यांना रंग मिळाले. अतिबारीक लाल, बारीक नारिंगी, मध्यम पिवळा, जाड निळा. विदेशी नोझलच्या तक्त्यात हे रंग दिसतात ते यामुळे.

लेसरचे यंत्र बागेत नेता येत नाही. बागेत नेण्यासारखी वस्तू 1970 मध्येच तयार झाली होती. ब्रिटनमधल्या टर्नर आणि हंटिंग्टन यांनी पाणी लागताच रंग बदलणाऱ्या रंगद्रव्याचा कागद वापरून पाहिला. पुढे सीबा-गायगी कंपनीने तो विकायला काढला. पिवळ्या कागदावर थेंब पडला की तिथे निळा डाग उमटतो. डाग थेंबापेक्षा मोठा असतो, साधारण दुप्पट, म्हणून हिशेबात भागावे लागते. ओल्या हाताने कागद धरला की बोटेच उमटतात, फार दमट हवेत तो आपोआप निळा पडतो, आणि 50 मायक्रॉनच्या आतले थेंब त्यावर नीट दिसत नाहीत. तरीही शेतकऱ्याला स्वतःच्या बागेत, स्वतःच्या ब्लोअरचा थेंब दाखवणारे याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही. स्पर्शजन्य बुरशीनाशकासाठी दर चौरस सेंटिमीटरला 50 ते 70 डाग पडावेत, असा ढोबळ निकष आहे.

आता आपल्या भागाकडे वळतो. सांगली जिल्ह्याने द्राक्षशेतीत जे केले ते पुस्तके वाचून केलेले नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनच्या बागेतून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात राज्यभर पसरली. तिच्या नावात तासगावही आहे आणि आर्वेही. कमी पावसाच्या पूर्व भागात टँकरने पाणी घालून बागा जगवल्या गेल्या. तासगाव आणि सांगलीत बेदाण्याची मोठी बाजारपेठ उभी राहिली. ज्या जिल्ह्यात 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर व पंप घडू लागले, तिथे यंत्राची भीती कोणाला नव्हतीच. हातपंप, पायपंप, एचटीपी पंप, मग ट्रॅक्टरवरचा ब्लोअर, अशी फवारणीची साधने पिढी दर पिढी बदलत गेली.

ब्लोअर आला आणि फवारणीचे गणितच पालटले. पंपात थेंबाला पुढे ढकलतो तो पाण्याचा दाब. ब्लोअरमध्ये थेंब वाहून नेतो तो पंख्याचा वारा. वाऱ्याने पाने हलतात, उलटतात आणि खालच्या अंगाला औषध लागण्याची शक्यता वाढते. पण त्यासाठी थेंब वाऱ्याबरोबर जाण्याइतका हलका आणि वाटेत न विरण्याइतका मोठा असावा लागतो. पुढे जॉर्जिया विद्यापीठातल्या एडवर्ड लॉ यांच्या संशोधनावर आधारलेले इलेक्ट्रोस्टॅटिक ब्लोअरही महाराष्ट्रात आले. त्यात सुमारे 30 ते 60 मायक्रॉनच्या थेंबांना विद्युतभार दिला जातो आणि ते वेलीकडे ओढले जाऊन मागच्या बाजूलाही चिकटतात. घड एकेक करून जीए (जिबरेलिक आम्ल) या संजीवकाच्या द्रावणात बुडवणाऱ्या मजुरांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या थेंबाचे मोल सांगायला नको.

अडचण आहे ती खरेदी-विक्रीच्या भाषेत. ब्लोअर घेताना आपण टाकी किती लिटरची, पंखा किती इंची, ट्रॅक्टर किती एचपीचा लागेल हे विचारतो. कोणत्या दाबाला थेंब किती मायक्रॉनचा, हे विचारत नाही. म्हणून विकणाराही सांगत नाही. डिस्कचे छिद्र बोर्डोच्या चुन्याने झिजते. पितळेचे लवकर झिजते, सिरॅमिकचे उशिरा. छिद्र झिजले की प्रवाह वाढतो, थेंब जाड होतो आणि शंकू एका बाजूला कलतो. ट्रॅक्टरवरून पाहणाऱ्याला मात्र पूर्वीपेक्षा ‘जोरात’ पाणी जाताना दिसते.

थेंब न मोजण्याची किंमत औषधाच्या बिलापुरती राहत नाही. 2003 मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातीला जबर धक्का बसला. त्यानंतरच अंश तपासणीची राष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात तिची मुख्य प्रयोगशाळा झाली. औषध नीट पोहोचत नाही म्हणून पुन्हा मारायचे, पुन्हा मारले म्हणून अंश वाढायचे, हे चक्र झिजलेल्या नोझलपासूनही सुरू होऊ शकते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. औषधांची मिश्रणे, डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, संरक्षक कपड्यांचा अभाव या कारणांबरोबर पंपांतून निघणाऱ्या अतिबारीक तुषारांचीही तेव्हा चर्चा झाली. तो थेंब किती मायक्रॉनचा होता, हे त्या मजुरांना सांगणारे कोणी नव्हते.

युरोपीय संघाने 2009 च्या निर्देशानुसार व्यावसायिक फवारणी यंत्रांची ठराविक मुदतीने तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे 1968 चा कीटकनाशक कायदा औषध, त्याचे लेबल आणि विक्री यांवर लक्ष ठेवतो. शेतकऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या वापरातल्या ब्लोअरची तपासणी कोणी करावी, हे मात्र ठरलेले नाही.

सक्तीची वाट पाहायची गरज नाही, असे मी विश्रामबागेकडे पाहून म्हणतो. सांगली-मिरज रस्त्यावरच्या या एका वस्तीत 1919 पासून विलिंग्डन महाविद्यालय आहे; तिथे पदार्थविज्ञान आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही शिकवतात. जवळच धोंडूमामा साठे यांनी 1947 मध्ये सुरू केलेले, आज वालचंद नावाने ओळखले जाणारे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वेलीची रंध्रे जाणणारे आणि नोझलची डिस्क जाणणारे असे एकमेकांच्या इतके जवळ बसलेले दुसरीकडे कुठे सापडतील? दोन्हीकडे तासगाव, पलूस, कवठे महांकाळची मुले शिकतात. दरवर्षी सप्टेंबरात, फळछाटणीच्या आधी, या दोन संस्थांनी आणि द्राक्ष बागाईतदार संघाने मिळून एक चाचणी मेज मांडावे. त्यावर दाबमापक, मापाचे भांडे, घड्याळ, पिवळे कागद आणि डाग मोजणारा मोबाइल एवढे असले तरी सुरुवात होईल. मॅग्नेशियमच्या काचपट्ट्या विद्यार्थी तयार करतील.

तोवर बागाईतदाराने स्वतः करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. ब्लोअरच्या प्रत्येक नोझलखाली मापाचे भांडे धरून एक मिनिटाचे पाणी मोजा आणि नव्या डिस्कपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त येत असेल तर डिस्क बदला. आणि पुढच्या फवारणीआधी पाणीसंवेदी कागदाचे चार-सहा तुकडे मंडपातल्या पानांच्या खालच्या बाजूला टाचणीने लावून, साध्या पाण्याची एक फेरी मारून पाहा. कागद पिवळाच राहिला, तर औषध बदलण्याआधी नोझल बदला.